न दिसणारी आग

प्रस्तावना

पायात काटा रुतला तर तो दाखवता येतो. हात भाजला तर फोड दिसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या दुखण्यावर माणसे चटकन विश्वास ठेवतात आणि मदतीलाही धावून येतात. पण कातडी शाबूत आहे, सूज नाही, जखम नाही, आणि तरीही हात निखाऱ्यावर ठेवल्यासारखा जळतो आहे, असे एखाद्याने सांगितले तर ऐकणारा काय म्हणेल? बहुधा 'मनाचे खेळ' असेच म्हणेल. पक्षाघातातून सावरणाऱ्या काही रुग्णांच्या वाट्याला नेमकी अशी वेदना येते. प्रस्तुत माहितीपर लेखात या वेदनेची ओळख करून दिली आहे. विषय वैद्यकाचा असूनही तो भाषेच्या पाठ्यपुस्तकात का घेतला आहे, हे पाठ वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पक्षाघातानंतरच्या मज्जातंतूंच्या वेदनेचे स्वरूप आणि कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. वेदना व संवेदना व्यक्त करणाऱ्या मराठी शब्दांमधील अर्थच्छटा ओळखता येतील. आणि एखाद्या रुग्णाच्या तक्रारीचे मुद्देसूद टिपण तयार करता येईल.

मूळ पाठ

मराठीत पक्षाघाताला 'अंगावरून वारे जाणे' असा वाक्प्रचार आहे. क्षणापूर्वी धडधाकट असलेला माणूस बोलता बोलता कोसळतो, तोंड वाकडे होते, अर्धे अंग लुळे पडते. जणू एक अदृश्य झुळूक अंगावरून गेली आणि जाताना शक्ती घेऊन गेली. 'अर्धांगवायू' या शब्दातही तोच वायू आहे. आज कारण ठाऊक आहे. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग निकामी होऊ लागतो. शरीराच्या डाव्या बाजूचा कारभार मेंदूच्या उजव्या अर्धाकडे असतो आणि उजव्या बाजूचा डाव्या अर्धाकडे. म्हणून इजा एकीकडे आणि लुळेपणा दुसरीकडे, असा हा उलटा व्यवहार.

रुग्ण इस्पितळातून घरी आला की सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते: हालचाल. बोटे मिटता आली का? पाऊल उचलले का? जिना चढला का? हे स्वाभाविकच आहे. परंतु मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञा हा व्यवहाराचा अर्धाच भाग झाला. कातडीकडून, सांध्यांकडून मेंदूकडे सतत बातम्या जात असतात: हे गरम, ते गार, इथे काटा, तिथे मऊ. आज्ञांचा मार्ग दुरुस्त होत असताना बातम्यांचा मार्ग मोडलेलाच राहू शकतो, आणि त्या मार्गाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

अशा एका घराचे कल्पनाचित्र डोळ्यांसमोर आणू. कर्ते गृहस्थ, वय साठीच्या आसपास. तीन महिन्यांपूर्वी डाव्या अंगावरून वारे गेले. आता काठीच्या आधाराने ते अंगणापर्यंत जातात, डाव्या हाताने पेला धरतात. भेटायला येणाऱ्यांनी 'दैव बलवत्तर' म्हणावे इतकी प्रगती. पण रात्री पत्नीने अंगावर सुती चादर घातली की ते किंचाळतात.

"अहो, नुसती चादर तर आहे!"

"चादर नाही ती. कोणी निखारे ओतल्यासारखे वाटते."

पंख्याचा वारा लागला की दंड जळतो. नळाचे गार पाणी बोटांवर पडले की कळ खांद्यापर्यंत जाते. उलट, तोच हात एकदा शेगडीवरच्या गरम पातेल्याला टेकला तेव्हा त्यांना काही कळलेच नाही; फोड सुनेने दाखवून दिला. मुलगा म्हणतो, "बाबा, हात बधिर आहे म्हणता आणि आग होते म्हणता. दोन्ही एकदम कसे असेल?" प्रश्न तर्काला धरून आहे. पण हळूहळू घरात कुजबुज सुरू होते की व्यायाम टाळण्यासाठी चाललेले हे सोंग आहे. गृहस्थही मग बोलणे सोडतात. सदऱ्याची बाही दुमडून, हात पोटाशी धरून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहतात.

बधिर आणि दुखरे एकाच वेळी असणे, हेच या वेदनेचे ठळक लक्षण आहे. ऊन-गार कळत नाही, टाचणी टोचलेली कळत नाही, आणि त्याच जागी आग होते. काहींना आगीऐवजी बर्फात हात बुडवून ठेवल्यासारखी बोचरी थंडी जाणवते. काहींना विजेच्या झटक्यासारखी चमक, काहींना अखंड झिणझिण्या. चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर मुंग्या, ओठांच्या एका कोपऱ्यात चुणचुण, पाय सुजून फुटेल असे वाटणे आणि पाहिले तर सूज मुळीच नसणे, अशाही तक्रारी असतात. साधा स्पर्श, म्हणजे कापसाचा, केसांचा, बांगडीचा, वेदना होऊन पोचतो. बहुतेकांचे दुखणे थंडीने, थकव्याने, मनस्तापाने वाढते. विशेष म्हणजे ही वेदना पक्षाघाताच्या दिवशीच सुरू होईल असे नाही. पुष्कळदा ती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोके वर काढते, म्हणजे नातेवाईक 'आता धोका टळला' म्हणून निश्चिंत झालेले असतात तेव्हा. त्यामुळे तिचा संबंध पक्षाघाताशी जोडण्याचे अनेकांच्या मनातही येत नाही.

असे का होते? वेदना आणि तापमान यांच्या बातम्या वाहणारे तंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत बाजू बदलतात आणि वर चढत मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या भागात येतात. डाव्या व उजव्या अर्धात एकेक असे हे दोन लहान अंडाकृती गोळे. 'थॅलॅमस' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ आतली खोली. मराठी वाचकाने त्याला 'माजघर' म्हणायला हरकत नाही. गंध सोडला तर बाहेरची प्रत्येक बातमी आधी या माजघरात येते, तिथे तिची निवड होते आणि मग ती मेंदूच्या बाह्य थराकडे जाते. पक्षाघाताने या वाटेवर कुठेही घाव घातला, मग तो खाली मेंदूच्या देठात असो, माजघरातच असो किंवा वरच्या थरात, तरी बातम्या तुटतात. तुटल्या म्हणजे शांतता पसरायला हवी, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बातमीची वाट पाहणाऱ्या मज्जापेशी गप्प बसत नाहीत. त्यांच्यावरचा आवर सुटतो, त्या नको इतक्या संवेदनशील होतात आणि क्षुल्लक निमित्ताने, कधी निमित्त नसतानाही, धोक्याची घंटा वाजवू लागतात. जखम हातात नसते, ती मेंदूत असते. पण मेंदू ती हाताच्या नावावर मांडतो. यातील नेमकी यंत्रणा कोणती याविषयी शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. वेदना मात्र खरी आहे, याविषयी मतभेद नाहीत.

हा निर्वाळा मिळायलाही वेळ लागला. वेदना इंद्रियात न उपजता थेट मेंदूत उपजू शकते का, असा प्रश्न जर्मनीतील लुडविग एडिंगर यांनी १८९१ साली एका रुग्ण स्त्रीच्या निमित्ताने मांडला होता. पुढे १९०६ साली पॅरिसमध्ये जूल देजरीन आणि त्यांचे तरुण सहकारी गुस्ताव रूसी यांनी काही रुग्णांच्या लक्षणांचा आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूचा अभ्यास करून 'थॅलॅमिक सिंड्रोम' या नावाने त्याचे रीतसर वर्णन केले. लुळेपणा सौम्य आणि लवकर ओसरणारा, संवेदना मात्र हरपलेली, आणि त्याच बाजूला कोणत्याही वेदनाशामकाला दाद न देणारी असह्य वेदना, असे ते चित्र होते. पुष्कळ वर्षे या विकाराला दोघांचेच नाव जोडले जाई. देजरीन यांच्या पत्नी ऑगस्टा याही मज्जासंस्थेच्या नामांकित अभ्यासक होत्या. मेंदूच्या रचनेवरील दोन खंडांचा मोठा ग्रंथ पतिपत्नींनी मिळून सिद्ध केला, हेही इथे नोंदवणे योग्य ठरेल.

लंडनचे हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स यांनी १९११ साली याच विषयावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात एका रुग्णाची हकीकत आहे. त्या गृहस्थाला प्रार्थनामंदिरात जाणे सोडावे लागले होते, कारण तिथली सामूहिक स्तोत्रे त्याच्या दुखऱ्या बाजूला सहन होत नसत. गायन चालू असताना तो तो हात सारखा चोळत असे, हे त्याच्या मुलाने पाहिले होते. कानावर पडणारे गाणे हाताला दुखवते, हे ऐकून दुसऱ्या कोणी हसण्यावारी नेले असते. हेड यांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले.

या हेड यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मज्जातंतूंना इजा झालेले रुग्ण आपल्याला काय जाणवते ते पुरेसे काटेकोरपणे सांगू शकत नाहीत, ही त्यांची नेहमीची अडचण होती. अखेर १९०३ साली त्यांनी स्वतःच्याच डाव्या हाताचा एक मज्जातंतू शस्त्रक्रियेने तोडून घेतला! तुटलेली टोके पुन्हा सांधली आणि पुढची चार वर्षे केंब्रिज येथे त्यांचे मित्र रिव्हर्स यांनी त्या हाताची अक्षरशः शेकडो वेळा तपासणी केली. डोळे मिटून बसलेले हेड सांगत आणि रिव्हर्स लिहून घेत. संवेदना परतू लागल्या त्या आधी ओबडधोबड स्वरूपात: टाचणी टोचल्याचे कळे, पण नेमकी कुठे ते सांगता येत नसे, वेदना पसरत जाई, मूळ टोचण्याच्या मानाने फार मोठी भासे. नाजूक स्पर्श आणि अचूक जागा यांचे भान पुष्कळ उशिरा आले. त्यांनी या निरीक्षणांवर उभारलेला सिद्धान्त पुढे टिकला नाही, शिवाय हा प्रयोग हातातल्या तंतूचा होता, मेंदूतल्या घावाचा नव्हे. तरीही अनुभवाला अचूक शब्द मिळावा म्हणून स्वतःचा हात पुढे करणारा हा वैद्य कवीही होता, आणि १९१९ साली त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, हे कळल्यावर फारसे आश्चर्य वाटत नाही.

पाठांतर्गत प्रश्न १

(अ) 'आज्ञांचा मार्ग' आणि 'बातम्यांचा मार्ग' या शब्दप्रयोगांतून लेखात काय सुचवले आहे?
(आ) थॅलॅमसला 'माजघर' का म्हटले आहे?
(इ) मुलाचा प्रश्न 'तर्काला धरून' असूनही त्याचा निष्कर्ष का चुकतो?

मूळ पाठ (पुढे चालू)

पक्षाघातानंतरचे प्रत्येक दुखणे मेंदूतूनच येते असे समजणेही बरोबर नाही. कमजोर झालेला खांदा सांध्यातून किंचित खाली सरकतो आणि दुखतो; हे दुखणे फार सामान्य आहे. रुग्णाला उठवताना त्याचा लुळा हात धरून ओढण्याची चुकीची सवय त्याला हातभार लावते. स्नायू आखडले की पोटऱ्यांत आणि मनगटात ओढ लागते. दोन्ही तळपायांची सारखीच भगभग होत असेल तर तिचे मूळ मधुमेहात किंवा 'ब-१२' या जीवनसत्त्वाच्या कमतरतेत असण्याचा संभव अधिक. मेंदूतून येणारी वेदना मात्र पक्षाघात झालेल्या बाजूची शीव पाळते. कधी ती अर्ध्या अंगभर असते, कधी फक्त हातात आणि गालावर. डेन्मार्कमध्ये रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभरांपैकी सुमारे आठ रुग्णांना ही मेंदूजन्य वेदना आढळली. आठ ही संख्या लहान वाटते. पण पक्षाघात हा काही विरळ आजार नाही.

मुंग्या येऊ लागल्या म्हणजे 'हातात जीव येतो आहे', असा दिलासा शेजारीपाजारी देतात. कधी ते खरेही असते, पण तसे सरसकट म्हणता येत नाही. आणि एक वेगळेपण ध्यानात ठेवलेच पाहिजे: जुन्या, दिवसेंदिवस चाललेल्या मुंग्या निराळ्या, एकाएकी नव्याने आलेला बधिरपणा, वाकडे झालेले तोंड, गळालेला हात, अडखळलेली वाचा निराळी. दुसऱ्या प्रकारात घरी बसून वाट पाहायची नसते. तो पक्षाघाताचा नवा झटका असू शकतो, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

उपचारांकडे वळताना पहिली निराशा पत्करावी लागते. डोकेदुखीवर किंवा सांधेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळ्या या आगीवर बहुधा चालत नाहीत. गृहस्थ गोळ्या घेतात, दुखणे तसेच राहते, आणि घरच्यांचा संशय मात्र पक्का होतो. वस्तुतः गोळी लागू न पडणे हा सोंगाचा पुरावा नसून वेदनेचा प्रकार निराळा असल्याची खूण आहे. स्वीडनमध्ये १९८९ साली पंधरा रुग्णांवर केलेल्या चाचणीत ॲमिट्रिप्टिलीन या औषधाने आराम पडल्याचे दिसले. हे औषध मुळात खिन्नतेच्या विकारावरचे. त्यामुळे त्याची चिठ्ठी हातात पडताच 'म्हणजे मला वेडा ठरवले!' असा समज होतो. तो समज चुकीचा आहे. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या ज्या रसायनांवर हे औषध काम करते, तीच रसायने वेदनेला आवर घालण्याच्या कामीही येतात. अपस्माराच्या झटक्यांवर वापरली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ लॅमोट्रिजिन किंवा गॅबापेन्टिन, अतिउत्तेजित पेशींना शांत करण्यासाठी देतात. कोणाला एक लागू पडते, कोणाला दुसरे, कोणाला एकही नाही. मात्रा थोडीथोडी वाढवावी लागते, गुण यायला काही आठवडे जातात, तोंडाला कोरड पडते, झापड येते. हृदयविकार असेल तर अधिकच जपावे लागते. म्हणून हे औषध शेजाऱ्याच्या अनुभवावरून सुरू करणे किंवा कंटाळून एकदम बंद करणे, दोन्ही घातक. जपानमध्ये १९९१ साली मेंदूच्या बाह्य थरावर विजेचे सूक्ष्म स्पंद देऊन अशी वेदना कमी करण्याचा उपाय मांडला गेला; चुंबकीय स्पंद कवटीबाहेरून देण्याची पद्धतही आता काही मोठ्या रुग्णालयांत वापरली जाते. वेदना पूर्ण नाहीशी होणारे थोडे. ती निम्म्यावर आली तरी रात्रीची झोप परत मिळते, आणि ज्याने सहा महिने झोप गमावली आहे त्याला विचारावे की ही मिळकत किती मोठी.

घरगुती उपायांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. ठणकणाऱ्या अंगाला शेक देणे, कढत तेलाने चोळणे, बिब्बा घालणे, क्वचित डाग देणे, असे उपाय आपल्याकडे चालत आले आहेत. ज्या कातडीला ऊन कळतच नाही तिला शेक किती पुरे झाला हे कोण सांगणार? आधीच न दिसणाऱ्या आगीत खऱ्या भाजण्याची भर पडते. आंघोळीच्या पाण्यात आधी चांगला हात घालून पाहणे, थंडीत सैल लोकरी बाही घालणे, चादर अंगाला न टेकेल असा आधार करणे, मऊ कापडाच्या हलक्या स्पर्शाची रोज थोडी सवय लावणे, या लहान गोष्टी आहेत. पण दिवस त्यांनीच सुसह्य होतो.

आता पुन्हा त्या घराकडे. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारले होते, "काय त्रास होतो?" गृहस्थ म्हणाले, "दुखते." डॉक्टरांनी विचारले, "कसे दुखते?" ते म्हणाले, "फार दुखते." बाहेर रुग्णांची रांग होती. चिठ्ठीवर वेदनाशामक गोळी लिहिली गेली.

या संवादात कोणाचा दोष काढायचा? 'फार' हा शब्द वेदनेचे माप सांगतो, जात सांगत नाही. रक्तदाब यंत्र मोजते, ताप तापमापक मोजतो. वेदना मोजणारे यंत्र अजून झालेले नाही. ती कळण्याचा मुख्य रस्ता दुखणाऱ्याच्या शब्दांतूनच जातो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी हे फार लवकर ओळखले. पाय कापावा लागलेल्या एका वृद्ध स्त्रीने नसलेल्या पायाच्या वेदनेचे केलेले तपशीलवार वर्णन ऐकून ते असे शब्द टिपू लागले, आणि १९७५ साली त्यांनी वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. रुग्णाने आपल्या वेदनेला लागू पडणारे शब्द निवडायचे. निवडीवरून वेदनेच्या प्रकाराचा अंदाज येतो.

मराठी माणसाला असे शब्द शोधायला दूर जावे लागत नाही. गळवाचा ठणका, पोटातली कळ, कमरेतली चमक, कानातली सणक, ओझे वाहिलेल्या हाताला लागलेली रग, पिकलेल्या बोटाची ठुसठुस, जखमेवर मीठ पडल्यावरची चुरचुर, मिरची लागल्यावरचे झोंबणे: यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. 'हुळहुळणे' हा शब्द तर या विषयासाठीच घडवला असावा असे वाटते. भाजून गेल्यावर किंवा खरचटल्यावर कातडी इतकी हळवी होते की साधा वाराही सोसवत नाही. त्या अवस्थेला वैद्यकाने लांबलचक परिभाषा योजली आहे, आजीबाईंनी एका शब्दात काम भागवले. हे धन स्वयंपाकघरात आणि शेतात बोलले जाते, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र संकोचाने 'पेन होते' एवढेच बाहेर पडते.

ज्यांची वाचाच गेली त्यांचे काय? मेंदूच्या डाव्या अर्धाला इजा झाली की उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा बोलणेही जाते. वेदना असते, शब्द नसतात. अशा वेळी चेहऱ्यावरची आठी, कपडे बदलताना हात मागे घेणे, दुखऱ्या बाजूला कोणी बसले की अस्वस्थ होणे, हीच भाषा समजून घ्यावी लागते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. शब्दांत सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, आणि एखादी व्यक्ती वेदना होत असल्याचे सांगते तेव्हा तिच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असा आशय त्या व्याख्येसोबतच्या टिपांत आहे. 'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण आपण सहज वापरतो. इथे ती शब्दशः खरी आहे. पण म्हणीत थांबून चालत नाही. ज्याचे जळत नाही त्यालाही कळावे लागते, कारण चादर पांघरणारा हात त्याचाच असतो.

दुसऱ्या भेटीच्या आधी पत्नीने सुनेला हाताशी धरले. आठ दिवस एका वहीत लिहिले: कोणत्या वेळी, कुठे, कशासारखे, कशाने वाढते, कशाने कमी होते. 'पहाटे गार वाऱ्याने दंड जळतो. नळाच्या पाण्याने बोटांत झिणझिण्या, मग कळ. चादरीने हुळहुळते. डाव्या गालावर मुंग्या, दिवसभर. गरम पातेले कळले नाही. झोप दोन तास.' डॉक्टरांनी वही वाचली, आणि मग कापसाचा बोळा, टाचणी आणि गार धातूची पट्टी घेऊन दोन्ही हात तपासले. डोळे मिटलेल्या गृहस्थांना उजव्या हातावरची पट्टी गार लागली. डाव्या हातावर ती टेकताच त्यांनी हात झटकला.

"गार होते की गरम?" डॉक्टरांनी विचारले.

"ते नाही सांगता येत," गृहस्थ म्हणाले. "भाजले."

मुलगा शेजारीच उभा होता. ती पट्टी त्याने हातात घेऊन पाहिली. गार होती.

शब्दार्थ आणि टिपा

शाबूत – अखंड, धड. निर्वाळा – खात्रीपूर्वक दिलेला निर्णय. मज्जारज्जू – पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा जुडगा. माजघर – घराची मधली, आतली खोली. दाद न देणे – परिणाम होऊ न देणे. शीव – हद्द, सीमा. अपस्मार – फेफरे, मिरगी. बिब्बा – एका झाडाचे फळ. याचा तेलकट रस कातडीला लागल्यास ती भाजते. डाग देणे – तापवलेल्या वस्तूने चटका देणे. अर्थच्छटा – अर्थातील सूक्ष्म भेद.

भाषाभ्यास

मराठीत पुष्कळ संवेदनावाचक शब्द द्विरुक्तीने तयार होतात: ठुसठुस, चुरचुर, भगभग, जळजळ, चुणचुण, सळसळ. यांतील काहींत मूळ शब्दाला स्वतंत्र अर्थ आहे, जसे 'जळ' (जळणे). काहींत तो नाही, नुसत्या आवाजाच्या पुनरावृत्तीतून अनुभव सुचवला जातो. या नामांना 'णे' जोडून क्रियापदे होतात: ठुसठुस – ठुसठुसणे, चुरचुर – चुरचुरणे. वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. 'मी दुखतो' असे आपण म्हणत नाही; 'माझा हात दुखतो' किंवा 'मला दुखते' असे म्हणतो. दुखणारा अवयव कर्ता होतो आणि माणूस 'मला' या रूपाने बाजूला उभा राहतो. 'मुंग्या येणे', 'कळ येणे', 'चमक भरणे', 'आग होणे', 'रग लागणे' या प्रयोगांत प्रत्येक संवेदनेचे क्रियापदही ठरलेले आहे. 'मुंग्या होणे' किंवा 'आग लागणे' म्हटले तर अर्थ बिघडतो किंवा अगदी बदलतो.

पाठांतर्गत प्रश्न २

(अ) 'फार हा शब्द वेदनेचे माप सांगतो, जात सांगत नाही.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) नेहमीची वेदनाशामक गोळी लागू न पडणे हा सोंगाचा पुरावा का नाही?

स्वाध्याय

१. बधिरपणा आणि वेदना एकाच वेळी कशी असू शकते, ते लेखाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.

२. हेन्री हेड यांनी स्वतःच्या हातावर प्रयोग का केला? त्यांचा हा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? सकारण लिहा.

३. पुढील संवेदनांपुढे योग्य क्रियापद लिहून प्रत्येकाचे वाक्य तयार करा: कळ, मुंग्या, आग, रग, चमक.

४. तुम्ही ज्या राज्यात राहता तेथील भाषेत 'झिणझिण्या', 'हुळहुळणे' आणि 'ठणका' यांना कोणते शब्द आहेत ते घरी व शेजारी विचारून लिहा. एखाद्या शब्दाला नेमका पर्याय मिळाला नाही, तर तो अनुभव तिथले लोक कसा सांगतात ते नोंदवा.

५. घरातील किंवा ओळखीतील एखाद्या व्यक्तीशी तिच्या संमतीने बोला. तिचे कोणतेही एक दुखणे कुठे, केव्हा, कशासारखे, कशाने वाढते आणि कशाने कमी होते, या मुद्द्यांना धरून डॉक्टरांना दाखवण्याजोगे दहा ओळींचे टिपण तयार करा. 'फार' आणि 'खूप' हे शब्द वापरू नका.

६. मुलाने घरी परतल्यावर वडिलांशी काय बोलणे केले असेल? तो संवाद कल्पनेने लिहा.